मऊ कीं राठ?

वडिलांच्या डाव्या गालावर साबणाचा फेस चढवून मीं ब्रश उजव्या गालाकडे वळविला, तोंच मूठ तेवढी माझ्या हातांत राहिली आणि केसांचा झुपका फेसाला चिकटून त्यांच्या हनुवटीखालीं लोंबूं लागला. अण्णा क्षणभर माझ्या हातांतल्या त्या बोडक्या मुठीकडे पाहत राहिले आणि मग त्यांच्या अर्ध्या तोंडावर हंसूं उमटलें. अर्ध्या तोंडावर अशासाठीं कीं, त्याच्या दोन महिने आधीं त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू यांनीं त्यांच्याशीं असहकार पुकारला होता, आणि शब्द तर असे रुसले होते कीं, बोलावलेला एक यावयाचा नाहीं व न बोलावलेले चार दारांत उभे राहावयाचे. तेव्हांपासून त्यांची दाढी करण्याचें काम माझ्याकडे आलें होतें. ज्या माणसानें साठ वर्षें दुसऱ्या कुणाचा हात आपल्या गालाला लागूं दिला नव्हता, त्याला रोज सकाळीं मान वर करून मुलापुढें बसावें लागत होतें. त्या हंसण्याचें मोल मला म्हणूनच फार वाटलें.

अण्णांचा तो ब्रश वीस वर्षांचा तरी सहज असेल. लाकडी मूठ, तिच्यावरचा रंग अंगठ्याच्या जागीं पार उडालेला, आणि पिवळट पांढरे राठ केस. त्याच्या आधींचा ब्रश असाच होता. त्याच्याहि आधींचा असाच होता. घरांत चहाचे कप बदलले, पंखे बदलले, रेडिओची जागा दूरचित्रवाणीनें घेतली. पण न्हाणीघराच्या खिडकींत, एकाच घराण्यांतले पुरुष एकामागून एक गादीवर बसावेत तसा, तो ब्रश बसत आला. जुना जाऊन नवा येतो तो हुबेहूब जुन्यासारखाच कां असतो, असा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. पडला असता तर पुढचा सारा घोटाळा टळला असता.

दुसऱ्या दिवशीं मी पुण्याच्या रविवार पेठेंत गेलों. तेथें न्हाव्यांचें सामान विकणारें एक अरुंद दुकान आहे. दुकानदारानें माझ्याकडे न पाहतांच विचारलें, "कसला देऊं साहेब? मऊ कीं राठ?"

त्या प्रश्नानें मी अडखळलों. राजकारण कोणीं बिघडविलें, खरी मिसळ कोठली, गाण्यांत किराणा श्रेष्ठ कीं ग्वाल्हेर, यांपैकीं कोणत्याहि विषयावर मला झोपेंतून उठवून विचारलें तरी मी अर्धा तास बोलूं शकतों. पण जी वस्तु रोज सकाळीं तोंडावरून फिरावयाची ती मला कशी आवडते, याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. याला कारण होतें. तीस वर्षें मी डब्यांतला फेस वापरीत आलों होतों. बोट दाबावें, लिंबाएवढा गोळा तळहातावर घ्यावा, तो गालांना फांसावा, तीन पात्यांचा वस्तरा फिरवावा आणि घड्याळाकडे पाहावें, एवढाच माझा विधि. बिनब्रशाचें क्रीम अमेरिकेंत बारबासोल या नांवानें 1919 सालीं निघालें, बर्मा-शेव्ह 1925 सालीं आलें, आणि दाबाच्या डब्यांतला फेस दुसऱ्या महायुद्धानंतर घरोघर पोंचला. हें सारें माणसाचीं पांच मिनिटें वांचविण्यासाठीं. तीं वांचलेलीं मिनिटें मीं कोठें खर्च केलीं, तें मला सांगतां येणार नाहीं. पण डबा कुणाला आवडनिवड विचारीत नाहीं, आणि ज्याला कधीं कोणीं विचारलें नाहीं त्याला उत्तरहि सुचत नाहीं, एवढें त्या काउंटरापाशीं माझ्या ध्यानीं आलें.

दुकानदारानें पांच-सहा ब्रश मांडले. मीं सारे करतात तेंच केलें. एकेक उचलून कोरडाच मनगटावर आणि गालावर घांसून पाहिला. ही परीक्षा अगदीं निरुपयोगी आहे, हें मला मागाहून कळलें. कोरड्या ब्रशावरून ओल्या ब्रशाचा अंदाज बांधणें म्हणजे कच्चे तांदूळ चावून भाताची चव ठरविण्यासारखें आहे. पण त्या वेळीं मनगटानें जो कौल दिला तो मीं मानला. एक ब्रश असा होता कीं, डोळे मिटले तर मांजराच्या पोटावरून हात फिरविल्यासारखें वाटावें. केस कृत्रिम, मूठ काळी आणि चकचकीत. मीं तसले दोन घेतले. एक अण्णांसाठीं, एक स्वतःसाठीं. दुकानदार म्हणाला, "एक जरा राठ न्या कीं. वापरून मऊ होतो." मीं त्याला सांगितलें, "घरांत आजारी माणूस आहे."

आजाऱ्याला मऊ तेंच चांगलें, याविषयीं आपल्या घरांतून दुमत नसतें. मऊ भात, मऊ अंथरूण, मऊ बोलणें. अण्णांच्या खोलींत आम्ही सारेजण दोन महिने मऊ आवाजांत बोलत होतों. इतक्या कीं, त्यांच्याशीं कोणी जरा खेंकसून बोललें असतें तर कदाचित् त्यांना आपण अजून घरांतले कर्ते आहों असें वाटलें असतें. हें मला आतां सुचतें. तेव्हां मी त्या मऊ ब्रशावर खूष होतों.

पहिल्या सकाळीं अण्णांनीं नव्या ब्रशाकडे पाहिलें, माझ्याकडे पाहिलें आणि कांहींच केलें नाहीं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मात्र एक नवाच त्रास सुरू झाला. डाव्या गालावर फेस लावीपर्यंत ते स्वस्थ बसत. उजव्या गालावर ब्रश गेला कीं मान फिरवून समोरच्या आरशांत पाहत. मी हनुवटी धरून तोंड सरळ करीं, कीं पुन्हां मान वळे. दोनदां पातें लागलें. तुरटी फिरवितांना माझाच हात कांपला. दुसऱ्या आठवड्यांत तर मी वाटी घेऊन आलों कीं ते डोळे मिटून घेऊं लागले. पत्नी म्हणाली, "कंटाळले असतील हो. आजारांत कोण पाहतंय? वाढूं द्या दाढी." तिचें म्हणणें चुकीचें नव्हतें, आणि मलाहि सकाळची घाई होतीच. परंतु झटका आल्यानंतरच्या पांचव्या दिवशीं, रुग्णालयांत, अण्णांनीं पहिली खूण केली होती ती डावा हात गालावरून फिरवून. दाढी सोडून द्यावी, हें म्हणूनच मला तोंडानें म्हणवेना.

आणखी एक गोष्ट होती. अगदीं पहिल्या दिवसापासून, मी दाढीचें सामान मांडूं लागलों कीं अण्णा "पाणी" म्हणत. हा एक शब्द त्यांच्यापाशीं शाबूत होता. मी फुलपात्र भरून त्यांच्या ओठांशीं धरीं. ते एखादा घोंट घेत आणि डाव्या हातानें तें दूर सारीत. चेहऱ्यावर चीड दिसे. नवा ब्रश आल्यावर त्यांनीं पाणी मागणेंहि सोडलें. मला वाटलें, तहान कमी झाली असेल.

मला स्वतःला मात्र त्या ब्रशाचा चांगलाच मोह पडला होता. वाटींतल्या साबणापासून आपल्या हातानें फेस निघतो, ही तीस वर्षें डबा वापरलेल्या माणसाला मोठी अपूर्वाई असते. पाणी जास्त झालें कीं फेस पातळ होऊन मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो. कमी झालें कीं गालावरच सुकून पापडी धरतो. आणि बरोबर जमलें कीं घोटलेल्या श्रीखंडाला येते तशी चकाकी त्याला येते. मी हौसेनें या विषयावरचें मिळेल तें वाचूं लागलों. माझा मुलगा स्वतः दाढी राखतो. आजोबा रोज गुळगुळीत, नातू दाढीवाला आणि मध्यें मी, असा आमच्या घरांतला कालक्रम आहे. तो म्हणाला, "बाबा, ब्रशावर सुद्धां वाचण्यासारखं असतं?"

पुष्कळ असतें. पहिली गोष्ट अशी कीं, 'मऊ कीं राठ' हा एक प्रश्न नव्हे, दोन आहेत. ब्रशाचें टोंक गालाला कसें लागतें, हा एक. आणि ब्रश दाबला असतां त्याचा कणा किती वांकतो, हा दुसरा. टोंक मऊ पण कणा ताठ, असे ब्रश असतात. टोंक बोंचरें पण अंगांत बळ नाहीं, असेहि असतात. (माणसांतहि हे दोन्ही प्रकार आढळतात, पण तो विषय निराळा.) कण्याचा ताठपणा केसांच्या जातीइतकाच झुपक्याच्या घडणीवरहि अवलंबून असतो. मुठीच्या तोंडाशीं झुपक्याची जाडी बहुधा 20 ते 26 मिलिमीटर असते, आणि मुठीबाहेर निघालेल्या केसांची उंची 50 ते 60 मिलिमीटरांच्या आसपास. जाडी तीच ठेवून उंची चार-पांच मिलिमीटरांनीं कमी केली कीं तोच ब्रश निराळा वागूं लागतो. आंखूड आणि दाट झुपका साबणाच्या कडक वडीपासून भराभर फेस काढतो. उंच आणि सैल झुपका क्रीमला पुरतो, पण वडीपुढें हात टेकतो. झुपक्याचें तोंड घुमटासारखें असेल तर तो नाकाखालीं आणि ओठांच्या कडेला नेमका पोंचतो. पंख्यासारखें पसरट असेल तर गाल लौकर माखतात. गोलगोल फिरवून घांसण्याची संवय असलेल्यानें ताठ ब्रश घ्यावा, रंगाऱ्यासारखे वर-खालीं हात मारणाऱ्यानें मऊ घ्यावा. आणि मूठ! ओल्या, साबण लागलेल्या हातांतून निसटणार नाहीं अशी मूठ मिळणें हें निम्मे सुख आहे. माझी ती काळी चकचकीत मूठ दिसावयास झकास होती, आणि दोनदां न्हाणीच्या मोरींत जाऊन पडली.

केसांच्या जातींत सर्वांत मानाची जात बॅजरची. बॅजर हें बिळांत राहणारें, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेलें जनावर. त्याच्या केसाच्या मध्यें काळा पट्टा असतो, दोन्ही टोंकें फिकट असतात, आणि शेंडा निमुळता होत जातो. त्यामुळें गालाला टोंचत नाहीं, आणि केसाकेसांमधल्या फटींतून पाणी भरपूर धरून ठेवतो. फ्रेंच भाषेंत या जनावराला आणि दाढीच्या ब्रशाला एकच शब्द आहे, ब्लेरो. पॅरिसची प्लिसाँ ही ब्रशांची पेढी 1808 सालची, इंग्लंडांतली केंट 1777 सालची. इंग्लंडांत बॅजरचा ब्रश हें सद्गृहस्थाचें लक्षण मानीत. त्याच देशांत खुद्द बॅजरला आतां 1992 च्या कायद्याचें संरक्षण आहे, आणि ब्रशांना लागणारे केस बहुतांशीं चीनमधून येतात. हें वाचून आपण हंसण्याचें कारण नाहीं. चित्रकारांच्या कुंचल्यांसाठीं आपल्याकडे मुंगसें मारलीं जातात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा असतांना 2019 सालीं उत्तर प्रदेश, राजस्थान, महाराष्ट्र आणि केरळ येथें छापे घालून मुंगसाच्या केसांचे हजारों कुंचले जप्त करावे लागले. तेव्हां बॅजरचा मोह मला झाला नाहीं असें नाहीं, पण तो किंमतीपाशीं थोडा आणि येथें पुरता थांबला.

कृत्रिम धाग्याचें तसें नाहीं. अमेरिकेंतल्या ड्युपाँ कंपनीचा नायलॉन 1938 सालीं प्रथम बाजारांत आला तो दांतांच्या ब्रशांतून. दाढीचे पहिले नायलॉनचे ब्रश पाणी धरीत नसत. हल्लींचा धागा शेंड्याशीं निमुळता केलेला असतो, आणि बॅजरची नक्कल बऱ्यापैकीं करतो. तो स्वतः पाणी पीत नाहीं, म्हणून लौकर सुकतो. कोंकणांतल्या पावसाळ्यांत, जेथें पायतणाला रात्रींतून बुरशी धरते, तेथें हा गुण लहान नव्हे. नायलॉन येण्यापूर्वीं दांतांचे ब्रशहि बहुधा डुकराच्या केसांचे असत. आमच्या आजीला हें ठाऊक नव्हतें, आणि त्याची तिला गरजहि नव्हती. ती राखुंडी लावी.

आजीचा आणि दाढीच्या ब्रशाचा संबंध मात्र आला होता. 1960 नंतरची गोष्ट. तोंपर्यंत आमच्या घरीं आठवड्याला न्हावी येई, मंगळवार-शनिवार टाळून. ओसरीवर बसून तो धोकटींतून वस्तरा काढी, वाटींतलें पाणी हातानेंच गालाला चोळी आणि साबणाबिबणाच्या भानगडींत न पडतां दाढी उरकी. अण्णांना नोकरी लागली, रोज दाढी करणें भाग पडलें, आणि पहिल्या पगारांतून त्यांनीं वस्तरा, साबण आणि ब्रश घरीं आणला. आजीनें ब्रश लांबूनच पाहिला आणि विचारलें, "हे केस कशाचे रे?" अण्णांना ते कशाचे आहेत तें पक्कें ठाऊक होतें. ते म्हणाले, "घोड्याचे." आजीनें जरा विचार केला. "घोड्याचे असतील तर असूं देत. घोडा खंडोबाचा." तरी पण सोंवळ्याओंवळ्याचा धोका नको म्हणून तिनें ब्रशाला न्हाणीघराबाहेरच्या कोनाड्यांत जागा दिली, आणि ती असेपर्यंत तो तेथेंच राहिला. खिडकींत तो तिच्या मागें आला. आयुष्यांत आईशीं एवढी एकच गोष्ट आपण खोटी बोललों, असें अण्णा सांगत. त्यावर माझा विश्वास नाहीं.

घोड्याच्या केसांचा इतिहास आजीला कोणीं ऐकविला असता तर तिनें कदाचित् डुक्करच पत्करलें असतें. 1914 सालीं पहिलें महायुद्ध पेटलें आणि बॅजरचे केस मिळेनासे झाले. त्याच सुमारास विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून सैनिकांना गाल गुळगुळीत राखावे लागत. मागणी वाढलेली आणि माल नाहीं. तेव्हां सैबेरिया, चीन, जपान इकडून घोड्याचे केस आणून त्यांचे नकली बॅजरचे ब्रश बनविण्यांत आले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यांतून अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे गुरांना होणारी काळपुळी, माणसांच्या गालांवर आणि मानेवर उमटूं लागली. वस्तऱ्याचा बारीकसा ओरखडा तिला आंत शिरावयास पुरे होई. ब्रिटन आणि अमेरिका मिळून दोनशेंहून अधिक माणसांना हा रोग झाला, आणि त्यांतले कित्येक दगावले. लढाईंतल्या गोळीपासून वांचलेला एखादा तरुण दाढीच्या ब्रशानें मेला असेल, हें वाचतांना माझ्या हातांतली वाटी मीं खालीं ठेवली. त्या रोगाचीं बीजें वर्षानुवर्षें टिकून राहतात, म्हणून जुन्या बाजारांतून त्या काळचे ब्रश हौसेनें घेऊन वापरणाऱ्यांना 2017 सालींहि अमेरिकेंतल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या नियतकालिकांतून इशारा देण्यांत आला.

राहतां राहिला डुकराचा केस. हा सर्वांत स्वस्त, आणि म्हणून मीं तो शेवटीं वाचावयास घेतला. केस जाड, आणि पाणी स्वतःच्या आंत ओढून घेणारा. कोरडा असतांना तो केरसुणीच्या काडीसारखा लागतो. कोमट पाण्यांत तीन-चार मिनिटें बुडवून ठेवला कीं फुगतो, नरमतो आणि कामाला तयार होतो. न भिजवितां वापरला तर साबणांतलें पाणी तोच पिऊन टाकतो आणि फेस गालावर सुकतो. रोजच्या वापरानें त्याचा शेंडा दुभंगतो, एका केसाचीं दोन-तीन टोंकें होतात. आणि महिन्याभरानें असें होतें कीं, गालाला लागणारा भाग मऊ, पण मागचा कणा होता तसाच ताठ.

कोमट पाण्यांत तीन-चार मिनिटें. येथें मी थांबलों. लहानपणची आमच्या घरांतली सकाळ मला लख्ख दिसली. खिडकींत पितळेचें फुलपात्र, त्यांत मान खालीं घालून उभा असलेला ब्रश, आणि शेजारच्या खोलींत अण्णा आकाशवाणीच्या बातम्या ऐकत बसलेले. बातम्या संपल्या कीं ते उठत, फुलपात्राच्या कांठावर ब्रश दोनदां आपटून पाणी झटकीत आणि आरशापुढें उभे राहत. ब्रश धुवावयास ठेवला आहे, असेंच मी इतकीं वर्षें समजत होतों.

"पाणी" म्हणजे तें पाणी. त्यांना तें प्यावयास नको होतें. तें ब्रशाला हवें होतें. दोन महिने रोज सकाळीं एक माणूस उरलेल्या एकुलत्या एका शब्दानें मला माझें काम शिकवीत होता, आणि मी तें त्याच्याच तोंडांत ओतत होतों.

त्याच आठवड्यांत डॉक्टर आले तेव्हां मीं उजव्या गालाविषयीं विचारलें. ते म्हणाले, अशा झटक्यानंतर त्या बाजूची हलक्या स्पर्शाची जाणीव पुष्कळदां मंदावते. मग मला आरशाचाहि उलगडा झाला. मांजराच्या पोटासारखा माझा तो ब्रश उजव्या गालावरून फिरत होता आणि अण्णांना कांहींच कळत नव्हतें. आपल्या गालावर कोणी आहे कीं नाहीं, हें त्यांना आरशांत पाहून ठरवावें लागत होतें. पातें तर न कळतांच फिरत असणार. डोळे मिटून घेणें हें त्यापेक्षां बरें वाटलें असेल.

मी पुन्हां रविवार पेठेंत गेलों. दुकानदारानें मला ओळखलें असावें, पण तसें दाखविलें नाहीं. या खेपेस त्यानें विचारण्यापूर्वींच मीं राठ म्हणून सांगितलें. लाकडी मूठ, पिवळट पांढरे केस, झुपका मोठा आणि उंच. किंमत पहिल्या एका ब्रशाच्या निम्म्याहून कमी. घरीं येऊन तो अण्णांच्या डाव्या हातांत दिला. त्यांनीं अंगठ्यानें केस वांकवून पाहिले, वास घेतला (नव्या ब्रशाला गोठ्यासारखा एक वास असतो, तो पांच-सहा धुण्यांनीं जातो), मान हलविली आणि ब्रश मला परत दिला. "तूं," ते म्हणाले. मला वाटलें, हाहि नको आहे. पण त्यांनीं हात माझ्या गालाकडे केला आणि पुन्हां म्हणाले, "तूं." नवा ब्रश लगेच त्यांना चालणार नव्हता, तो आधीं कोणीतरी वापरून वळणावर आणावयास हवा होता, आणि तें काम आतां माझें होतें.

महिनाभर मीं तो वापरला. माझ्या आवडीचा ब्रश तो नव्हे, हें मी प्रामाणिकपणें सांगतों. पहिले आठ दिवस गाल लाल होत. केस गळत ते ओठांना चिकटत. एकदां पाण्यांत ठेवावयास विसरलों तर फेस अर्ध्या दाढीवरच संपला. पण पंधराएक दिवसांनंतर तो हळूहळू सरळ वागूं लागला; शेंडे दुभंगलेले भिंगाखालीं दिसूं लागले, आणि वडीवरून फिरतांना त्याचा खरखर आवाज बंद झाला. अण्णांची दाढी तेवढे दिवस मऊ ब्रशानेंच होत होती. परंतु त्यांनीं डोळे मिटणें सोडलें होतें. त्यांच्या खुर्चीसमोरच्या खिडकींत मी फुलपात्रांत ब्रश बुडवून ठेवीं, आणि ते त्याकडे पाहत बसत. एखाद्या दिवशीं मी घाईंत तो लौकर उचलला तर बोट वर करून मला थांबवीत.

महिना भरल्यावर एका रविवारीं मीं तो ब्रश त्यांच्यासाठीं भिजवला. फुलपात्र त्यांच्यापुढें धरलें. त्यांनीं डाव्या हातानें ब्रश उचलला, कांठावर दोनदां आपटला. नेम चुकला, पाणी माझ्या सदऱ्यावर उडालें. मग मूठ माझ्याकडे केली. डाव्या गालावर फेस चढवून मीं ब्रश उजव्या गालावर टेंकला आणि जरा दाबून गोल फिरविला.

"लागतं," अण्णा म्हणाले.

मीं हात झटकन् मागें घेतला. "दुखलं का, अण्णा?"

त्यांनीं मान हलविली. माझें मनगट डाव्या हातानें धरलें, ब्रश पुन्हां त्याच गालावर नेऊन टेंकविला आणि तसाच दाबून धरला. "लागतं," ते पुन्हां म्हणाले, आणि अर्ध्या तोंडावर पूर्वींचें तें हंसूं आलें.

त्या दिवशीं त्यांनीं आरशांत एकदांहि पाहिलें नाहीं. उजव्या बाजूला फेस मात्र गरजेपेक्षां बराच जास्त झाला.